परक्याच्या जमिनीवरची नमाज

फिकहच्या जुन्या किताबांत एक मसला येतो. दुसऱ्याची जमीन जबरदस्तीने बळकावली आणि त्या जमिनीवर मुसल्ला अंथरून कोणी नमाज पढली, तर ती नमाज होते की नाही? हंबली फकीहांचे प्रसिद्ध मत असे की होत नाही. ज्या जागी उभे राहणे हाच गुन्हा आहे, त्या जागी उभे राहून इबादत कशी करणार? हनफी, मालिकी आणि शाफई फकीह म्हणतात की फर्ज अदा होते, पण जमीन बळकावल्याचा गुनाह डोक्यावर तसाच राहतो. या बळकावण्याला 'गसब' असा शब्द आहे. आपल्यापैकी अनेकांनी हा मसला मकतबात किंवा एखाद्या मौलवीसाहेबांच्या तोंडून कधीतरी ऐकला असेल, आणि विसरूनही गेले असतील. कारण आपल्याला वाटते, हा जमीनदारांचा, सावकारांचा, फार तर बिल्डरांचा प्रश्न आहे. आपला काय संबंध?

पण समजा, जमिनीवर उभा असलेला माणूस कैदी आहे. त्याची स्वतःची जमीन हिसकावून घेतलेली आहे. त्याला साखळदंड घालून जहाजात कोंबून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणून टाकलेले आहे आणि सरकारने त्याला सांगितले आहे की हा तुकडा घे, नांगर, आणि इथेच मर. तो तुकडा ज्यांचा होता त्यांना हुसकावणारा तो नाही. तरीही ते मूळ मालक समोरच्या डोंगरात उपाशी बसलेले त्याला दिसत आहेत. त्याच्या नमाजेचे काय?

हा कल्पनेतला प्रश्न नाही. पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाचा द्वीपसमूह आहे. तो फ्रान्सच्या ताब्यात आहे. तिथल्या मुख्य बेटावर बुराई नावाचे गाव, आणि गावाजवळ नेसादियूचे खोरे. त्या खोऱ्यात खजुरीची झाडे आहेत आणि 'अरबांचे कब्रस्तान' म्हणून ओळखले जाणारे एक कब्रस्तान आहे. मक्केपासून हजारो मैलांवर, ज्या बेटावर एकोणिसाव्या शतकापूर्वी इस्लामचे नावही कोणी ऐकले नव्हते, तिथे ही खजूर आणि ही कब्रस्ताने आली कुठून, हे कळण्यासाठी आधी युरोपकडे पाहावे लागते.

१८७१ साली प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाला. अल्सास आणि लोरेन हे प्रांत जर्मनीने घेतले. तिथल्या ज्या लोकांना फ्रेंच राहायचे होते ते घरदार सोडून निघाले. या निर्वासितांची सोय कुठे करायची? फ्रेंच संसदेने त्याच वर्षी कायदा केला की त्यांना अल्जीरियात एक लाख हेक्टर जमीन द्यावी. योगायोग असा की त्याच साली मार्चमध्ये अल्जीरियाच्या काबिली प्रदेशात मोठा उठाव झाला होता. मोहंमद अल-मोक्रानी या सरदाराने तो सुरू केला आणि रहमानिया तरीक्याचे वृद्ध शेख अल-हद्दाद यांनी जिहादची हाक दिल्यावर लाखो लोक त्यात उतरले. उठाव चिरडला गेला. मोक्रानी मे महिन्यात लढताना पडला, शेख दोन वर्षांनी तुरुंगात वारले. काबिली लोकांवर जबर दंड बसवण्यात आला आणि सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन सरकारजमा झाली. अल्सासहून आलेल्या निर्वासितांना द्यायला जमीन तयार होती.

आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी पकडलेले लोक? मोक्रानीचा भाऊ बूमेझराग याला फाशीची शिक्षा झाली, ती नंतर काळ्या पाण्यावर आली. शेखांचा मुलगा अझीझ यालाही तीच वाट दाखवण्यात आली. १८६४ पासून १८९७ पर्यंत फ्रान्सने न्यू कॅलेडोनियाला सुमारे बावीस हजार कैदी धाडले. त्यांत अल्जीरियाचे लोक दोन हजारांच्या आसपास होते. काही उठावातले, तर बरेचसे साध्या फौजदारी गुन्ह्यांतले, किंवा वसाहतीच्या कायद्याने ज्याला गुन्हा ठरवले त्यातले. कायदा असा की आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर तेवढीच वर्षे सुटकेनंतरही बेटावर राहायचे. आठ किंवा अधिक असेल तर जन्मभर. सुटलेल्या कैद्यांना बुराईसारख्या ठिकाणी शेतीला तुकडे मिळाले. बायका आणता आल्या नाहीत. तिथेच फ्रेंच कैदी स्त्रियांशी किंवा कनाक स्त्रियांशी संसार झाले, मुलांना फ्रेंच नावे पडली आणि वडिलांचे नाव आडनाव होऊन उरले.

म्हणजे जर्मनीने अल्सासवाल्यांना हलवले, अल्सासवाल्यांसाठी काबिलींना हलवले, आणि काबिलींना ज्या जमिनीवर नेऊन बसवले ती होती कनाकांची. या साखळीतला प्रत्येक जण आपापल्या जागी मजलूमच. फक्त शेवटच्या कडीला सरकवून द्यायला पुढे कोणी नव्हते.

आता हे कनाक कोण, आणि त्यांच्या लेखी जमीन म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नाहीतर 'जमिनीचा तुकडा' या शब्दात सगळे दडून जाते. कनाक हे या बेटांचे मूळ रहिवासी, मेलानेशियन वंशाचे. सुमारे तीन हजार वर्षांपासून ही बेटे माणसांनी वसवलेली आहेत. त्यांचे मुख्य पीक एक कंद, आपल्या कोकणात ज्याला कोनफळ म्हणतात त्याच कुळातला. आणि दुसरे अळू. कोनफळाच्या लावणी-काढणीवर त्यांचे वर्ष चालते. लग्न, मयत, समेट, पाहुण्याचे स्वागत, प्रत्येक वेळी कंद द्यावा-घ्यावा लागतो. अळूसाठी डोंगरउतारावर पायऱ्या पाडून पाणी खेळवलेले असे. प्रत्येक कुळाचे नाव एखाद्या टेकडीशी, झऱ्याशी, दगडाशी जोडलेले. जमीन गेली की कुळाला आपले नाव सांगता येत नाही, अशी ही व्यवस्था.

फ्रान्सने २४ सप्टेंबर १८५३ रोजी बलाद येथे झेंडा रोवून बेट आपले जाहीर केले. दोन वर्षांनी जमिनीचा मालक सरकार झाले. नंतर कनाकांसाठी राखीव टापू आखण्यात आले आणि १८७६ पासून कुळांना एकेका टापूत कोंडण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. सगळ्यात मोठा उपद्रव मात्र कागदाचा नव्हता, गुरांचा होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ऑस्ट्रेलियातून गुरे आणून मोकळी सोडली. कनाकांना कुंपण ठाऊक नव्हते, कारण चरणारे मोठे जनावरच मुळात त्या बेटावर नव्हते. गुरे कोनफळाच्या वाफ्यांत शिरत, अळूच्या पायऱ्या तुडवत, आणि तक्रार केली की अधिकारी म्हणत, तुम्ही कुंपण घाला. ला फोआ भागाचा प्रमुख अताई याने यावर दिलेले उत्तर तिथे अजून सांगतात: माझे अळू उठून तुमची गुरे खायला जातील त्या दिवशी मी कुंपण घालीन. असेही सांगतात की त्याने गव्हर्नरासमोर दोन पिशव्या ओतल्या. एकीत माती होती, आमच्याजवळ होती ती. दुसरीत दगड, तुम्ही आमच्यासाठी ठेवले ते. कोकणात किंवा मराठवाड्यात शेती केलेल्या कोणाही माणसाला हे उत्तर भाषांतर न करता समजेल.

त्यातच दुष्काळ पडला. जून १८७८ मध्ये उठाव झाला. सुमारे दोनशे युरोपीय मारले गेले, त्यांत बायका-मुलेही होती. सुटका झालेले कैदी आणि त्यांची कुटुंबेही होती. ते लपवण्यात अर्थ नाही. मग फ्रेंच सैन्याने गावे जाळली, पिके उपटली. हजाराच्या घरात कनाक मारले गेले, उरलेल्यांना दुसऱ्या बेटांवर हाकलले. १ सप्टेंबरला अताई मारला गेला. त्याचे शिर दारूत बुडवून पॅरिसला पाठवण्यात आले, तिथल्या मानववंशशास्त्र्यांनी मोजण्यासाठी.

या उठावाच्या वेळी बूमेझराग मोक्रानी त्याच बेटांवर होता. सात वर्षांपूर्वी त्याने हेच केले होते: जमीन चालली, मान चालला, म्हणून हत्यार उचलले होते. आणि त्याने काय केले? तो आणि त्याच्याबरोबरचे काही काबिली फ्रेंचांच्या बाजूने कनाकांविरुद्ध उतरले. माफी मिळेल, घरी जाता येईल, या आशेने. पॅरिस कम्यूनचे हद्दपार क्रांतिकारक, ज्यांची संख्या चार हजारांवर होती, त्यांच्यातलेही बहुतेक गोऱ्यांच्याच बाजूचे निघाले. समतेसाठी पॅरिसच्या रस्त्यांवर रक्त सांडून आलेली माणसे! थोड्याच जणांना कनाकांची बाजू दिसली. त्यांत लुईज मिशेल ही शिक्षिका होती. तिने कनाकांची भाषा शिकून घेतली होती, त्यांच्या कथा गोळा केल्या होत्या. तिच्या आठवणींत ती सांगते की उठावात सामील व्हायला निघालेल्या दोघा कनाकांना तिने आपल्या कम्यूनच्या लाल स्कार्फचे दोन तुकडे करून दिले. अल्जीरियन कैद्यांशीही तिचा स्नेह होता, आणि म्हातारपणी, १९०४ साली, ती अल्जीरियाला जाऊन आली.

बक्षीस काय मिळाले तेही पाहू. कम्यूनवाल्यांना १८८० साली सर्वांना माफी मिळाली. अल्जीरियन मुसलमान तीतून वगळले गेले. त्यांची माफी १८९५ मध्ये आली. अझीझ वाट न पाहता १८८१ मध्ये बेटावरून निसटला. बूमेझराग मात्र, ज्याने फ्रेंचांसाठी बंदूक धरली होती, तो १९०४ मध्ये घरी पोचला आणि पुढच्याच वर्षी वारला.

इथे आम्ही थांबतो, कारण खरा प्रश्न इथे आहे. बूमेझरागला दोष द्यायचा का? आमच्या चर्चांत असा विषय निघाला की लगेच दोन उत्तरे येतात. एक उत्तर म्हणते, तो गुलाम होता, गुलामाला कसली निवड? सगळा गुनाह फ्रेंच सरकारचा. दुसरे उत्तर म्हणते, गद्दार. आम्हाला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. कनालाच्या कनाकांचेच उदाहरण घ्या. अताईचे शिर कापणारे हात फ्रेंचांचे नव्हते. ते फ्रेंचांच्या मदतीला आलेल्या कनालाच्या कनाकांचे होते. त्यांची अताईच्या लोकांशी जुनी वैरे होती. त्या काळी 'कनाक' अशी एक कौम आहे ही जाणीव अजून घडायची होती. जुलमाच्या व्यवस्थेत प्रत्येक मजलुमाला आपला शेजारी मजलूम दिसत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण समजण्यासारखे आहे म्हणून देणे फिटत नाही. आपल्याकडे हुकूकुल-इबादचा उसूलच हा आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. माणसाचा हक्क त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. घेणाऱ्याची हालत किती वाईट होती हे ऐकून काजी दया करू शकतो, पण देणेकऱ्याच्या वतीने 'माफ केले' असे म्हणू शकत नाही.

हे लिहिताना दुसरे एक बेट आठवते. मराठी वाचकाच्या मनात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. त्याच्या अर्धशतक आधी, १८५७ नंतर, हजारो बंडवाले शिपाई आणि मौलवी तिथे धाडले गेले; मौलाना फजले-हक खैराबादी तिथेच वारले. त्यांची आठवण आपण ठेवतो. पण अंदमान रिकामे नव्हते. दूधनाथ तिवारी नावाचा एक बंडवाला शिपाई १८५८ मध्ये कैदेतून पळाला. अंदमानी लोकांनी त्याला आधी जखमी केले, मग आपल्यात घेतले. त्याने तिथे लग्नेही केली. वर्षभराने, मे १८५९ मध्ये, ते लोक इंग्रजांच्या ठाण्यावर चालून जाणार असल्याची खबर त्याने इंग्रजांना दिली. अबर्डीनच्या लढाईत धनुष्यबाणाला तोफबंदुकीने उत्तर मिळाले. दूधनाथला माफी मिळाली, तो हिंदुस्थानात परतला. ग्रेट अंदमानी लोक त्या वेळी हजारोंनी होते. आज ते मोजके काही डझन उरले आहेत. ही कहाणी आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. त्यात आपण बळीही आहोत आणि पलीकडचेही आहोत, आणि असा धडा शिकवणे अवघड जाते.

आम्ही मराठी मुसलमान आमच्यावरच्या अन्यायाचा हिशेब ठेवतो. ठेवलाच पाहिजे. १९९२-९३ ची मुंबई आणि २००२ चे गुजरात विसरा असा उपदेश आम्हाला कोणी करू नये. पण हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. आपल्याच घरातल्या बहिणीचा वाटा, आपल्याच मोहल्ल्यातल्या छोट्या बिरादरीला दिलेली वागणूक, हे खाते कधी उघडायचे म्हटले की लगेच ऐकू येते, 'ही वेळ नाही, आपण आधीच संकटात आहोत.' बूमेझरागही संकटात होता.

कनाकांची कहाणी पुढे वेगाने सांगतो. १८८७ पासून १९४६ पर्यंत त्यांच्यावर 'देशी लोकांचा कायदा' होता: परवानगीशिवाय टापूबाहेर जायचे नाही, डोईपट्टी भरायची, सक्तीची मजुरी करायची. शतक संपता संपता मुख्य बेटाचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्याकडे उरला. रोगराई आणि उपासमारीने १९२१ पर्यंत त्यांची संख्या सत्तावीस हजारांवर आली. १९१७ मध्ये, फ्रान्सच्या महायुद्धासाठी माणसे ओढून नेणे चालू असताना, पुन्हा एक उठाव झाला आणि चिरडला गेला. १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनाच्या वेळी कनाक स्त्री-पुरुषांना 'नरभक्षक' म्हणून कुंपणात उभे केले आणि तिकीट लावले. त्यांतल्या काहींना मगरींच्या बदल्यात जर्मनीतल्या सर्कशीकडे पाठवण्यात आले. हे सारे ज्या देशाने मानवी हक्कांची सनद लिहिली त्या देशात.

महायुद्धानंतर नागरिकत्व मिळाले, मताचा हक्क १९५७ पर्यंत पुरा झाला. पण मत मोजायचे तर डोकी मोजावी लागतात. निकेलच्या खाणींची भरभराट झाली तेव्हा फ्रान्समधून माणसांचा लोंढा आला. १९७२ मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांनी आपल्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात याचा हेतू स्पष्टच सांगितला होता: बाहेरून आलेल्यांची बहुसंख्या झाली की मूळ लोकांची राष्ट्रीय मागणी आपोआप निकालात निघेल. लोकशाहीने केलेला गसब म्हणायचा का याला?

तरीही, गोऱ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. नूमेआचे निकेलवाले आणि मोठे गुरेवाले वेगळे. खेड्यापाड्यातले 'काल्दोश', म्हणजे कैद्यांचे आणि गरीब वसाहतवाल्यांचे वंशज, वेगळे. त्यांच्या घरांत कनाक आज्या आहेत, अरब आजोबा आहेत, जावा-इंडोनेशियाहून आलेल्या मजुरांचे रक्त आहे. कैद्याचा वंशज ही लाज त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लपवली. फ्रान्स त्यांचा देश नव्हता आणि बेट त्यांचे होते की नाही हे कोणी सांगत नव्हते. बुराईचे महापौर १९७७ पासून चोवीस वर्षे एका अल्जीरियन कैद्याचे वंशज होते.

आणि मग जुलै १९८३ मध्ये, पॅरिसजवळ नाँव्हील-ले-रोश येथे झालेल्या गोलमेज बैठकीत, एक गोष्ट घडली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत मोठा क्षण आहे, आणि जगात फार थोड्यांना तो माहीत आहे. बैठकीच्या निवेदनात कनाकांचा, पहिले रहिवासी म्हणून, स्वातंत्र्याचा जन्मसिद्ध हक्क मान्य करण्यात आला. त्या बदल्यात कनाकांनी, आपल्या हक्काच्या जोरावर, आपल्याबरोबर आणखी काही जणांना निर्णयात वाटेकरी करून घेतले: त्या बेटावर जन्मलेले इतर समूह, ज्यांना इतिहासाने तिथे आणून टाकले. त्यांना त्यांनी नाव दिले 'इतिहासाचे बळी'.

आधी वाटेल, हे औदार्य झाले. आम्ही याकडे औदार्य म्हणून पाहत नाही. माणसाचा हक्क ज्याचा त्यानेच सोडायचा असतो, तो अधिकार इथे कनाकांनी वापरला. नेसादियूच्या अरबांच्या, गोऱ्या कैद्यांच्या नातवंडांच्या वतीने कोणी न्यायालय बोलले नाही; ज्याची जमीन होती तो बोलला. तुम्ही इथे चोरून आला नाहीत, तुम्हाला आणले गेले, आता राहा. पण त्यात एक अट होती, आणि ती अट अपमानकारक नव्हती: ही जमीन कुणाची हे आधी कबूल करा. गोऱ्यांच्या मुख्य पक्षाने निवेदनावर सही केली नाही. माफी समोर ठेवली होती. पण माफी घ्यायची म्हणजे देणे होते हे मान्य करावे लागते, आणि तेवढे त्यांना जमले नाही.

पुढल्याच वर्षी ५ डिसेंबरला, इयेंगेनच्या खोऱ्यात, बैठकीहून परतणाऱ्या कनाकांवर रात्री दबा धरून गोळ्या झाडण्यात आल्या. दहा जण मेले. त्यांत कनाकांचे नेते झाँ-मारी चिबाऊ यांचे दोन भाऊ होते. मारणारे मोठे जमीनदार नव्हते. खोऱ्यातलेच छोटे, मिश्र रक्ताचे शेतकरी होते, शेजारी होते. आपण घेरले गेलो आहोत, ही भीती त्यांना होती. १९८७ मध्ये नूमेआच्या ज्यूरीने त्यांना स्वसंरक्षणाच्या सबबीखाली निर्दोष सोडले. हेच ते इतिहासाचे बळी. चिबाऊंनी भावांची प्रेते उचलली, आणि रस्त्यांवरचे अडथळे काढण्याचे दिलेले आवाहन मागे घेतले नाही.

१९८८ मध्ये उवेआ बेटावर कनाक तरुणांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला, त्यात चार शिपाई मेले. इतरांना ओलीस धरून गुहेत नेले. ५ मे रोजी, फ्रान्समधल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीच्या तीन दिवस आधी, लष्कराने गुहेवर धाड घातली. एकोणीस कनाक आणि दोन सैनिक ठार झाले. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत चिबाऊ आणि गोऱ्यांचे नेते जाक लाफ्लेर यांनी पॅरिसमध्ये करार करून हात मिळवले. चिबाऊंच्याच लोकांतल्या अनेकांना तो हात खुपला. उवेआच्या एकोणीस मयतांचा दुखवटा पाळण्याच्या सभेत, ४ मे १९८९ रोजी, जुबेली वेआ नावाच्या एका माजी पाद्र्याने चिबाऊ आणि त्यांचे सहकारी येवेने यांना गोळ्या घातल्या. अंगरक्षकाने त्याला तिथेच मारले.

ज्यांनी समेट केला त्यांना आपल्याच माणसाने मारावे, हे आम्हा हिंदुस्थानी लोकांना नवे नाही. नवे आहे ते नंतरचे. वेआचे कुटुंब आणि चिबाऊंचे कुटुंब पंधरा वर्षे एकमेकांसमोर आले नाही. मग कनाक रिवाजाप्रमाणे निरोप गेले, मध्यस्थ गेले, आणि २००४ साली वेआचे लोक चिबाऊंच्या तियांदानित गावी आले. कनाकांत याला 'रिवाज करणे' म्हणतात: दारात थांबायचे, कापड, कंद, थोडे पैसे जमिनीवर ठेवायचे, आपण कोणाची लेकरे ते सांगायचे आणि आत येण्याची इजाजत मागायची. घरच्यांनी ते उचलले तर मान्य. विधवांनी, मुलांनी तो मान्य केला. पंधरा वर्षे लागली. घाई कोणी केली नाही, आणि विसरून जा असेही कोणी म्हटले नाही.

५ मे १९९८ च्या नूमेआ करारात फ्रान्सने वसाहतकाळाच्या काळ्या बाजूची कबुली दिली, मूळ लोकांची ओळख हिरावली गेली हे लेखी मान्य केले, आणि सर्वांचे 'सामाईक भवितव्य' असा शब्द आला. अताईचे शिर, जे वर्षानुवर्षे 'हरवले' होते, ते पॅरिसच्या संग्रहालयातच सापडले. २०१४ मध्ये त्याच्या वंशजांच्या हाती दिले गेले आणि २०२१ मध्ये त्याच्या भूमीत दफन झाले. स्वातंत्र्यावर तीनदा मतदान झाले. २०१८ मध्ये ५६.७ टक्के आणि २०२० मध्ये ५३.३ टक्के लोक फ्रान्ससोबत राहण्याच्या बाजूने होते. २०२१ चे मतदान कोविडच्या मयतांचा दुखवटा चालू असताना घेऊ नका, असे कनाकांनी विनवले, सरकारने घेतले, कनाकांनी बहिष्कार घातला आणि ९६ टक्के 'नाही' मते निघाली. तो आकडा समोर ठेवून प्रश्न मिटला असे सांगण्यात आले.

मग मतदारयादीचा वाद आला. नूमेआ कराराप्रमाणे स्थानिक निवडणुकीत साधारणपणे १९९८ पूर्वीपासून बेटावर असलेल्यांनाच मत होते. २०२४ मध्ये फ्रेंच सरकारने ती यादी दहा वर्षे राहिलेल्या सर्वांना खुली करायचे ठरवले. १३ मेपासून नूमेआ पेटले. चौदा माणसे मेली, बहुतेक कनाक. कायदा पुढे सोडून द्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये बूझिव्हाल येथे नवा करार झाला, पण कनाक समाजवादी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने महिन्याभरात तो फेटाळला.

वीस वर्षे बेटावर राहणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला मत नाही, हे ऐकून आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना साहजिकच अस्वस्थ वाटते. उद्या आपल्याला कोणी 'तुम्ही केव्हा आलात' असे विचारले तर? हा प्रश्न आपल्याला विचारला जातोच. म्हणून काल्दोशांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. फरक एवढाच दिसतो की आपल्याला हा प्रश्न विचारणारे संख्येने आणि सत्तेने मोठे असतात. बेटावर तो विचारणारे २०१९ च्या जनगणनेत ४१ टक्के होते, आपल्याच जमिनीवर. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या घरात इतरांना जागा दिली होती. आता डोकी मोजून घरच त्यांचे नव्हे असे ठरवले जाईल ही त्यांची भीती खोटी आहे असे मेस्मेरच्या पत्रानंतर कोण म्हणेल?

नेसादियूच्या कैद्यांच्या पणतू-खापरपणतवंडांची नावे त्या जुन्या मतदारयादीत आहेत. त्यांना कोणी जा म्हणत नाही. आजोबांनी नमाज पढली ती झाली की नाही, हे मालिकी आणि हंबली फकीहांना ठरवू द्या. गसब केल्याचा जो हिस्सा त्या आजोबांच्या डोक्यावर होता, तो ज्यांच्या हक्काचा होता त्यांनी १९८३ मध्ये पॅरिसजवळच्या एका खोलीत सोडून दिला आहे. त्या देण्याच्या बदल्यात मागितलेली कबुली, ही जमीन कुणाची होती ती, द्यायची की नाही हे मात्र अजून त्या बेटावर प्रत्येक निवडणुकीला नव्याने ठरते आहे.